बिनखुणेचे कपडे

लहान मुलांना घेऊन मोठं शहर बघायला निघालेल्या माणसाला आधी कोणीतरी सांगायला हवं, की मुलं शहर बघत नसतात. ती कबुतरं बघतात. गटाराच्या जाळीत अडकलेलं बाटलीचं झाकण बघतात, आणि ते काडीने निघत नाही म्हटल्यावर तिथेच फतकल मारून बसतात. तुमची ती उंच इमारत बिचारी ताटकळत उभीच. मावशीला हे कोणी सांगितलं नव्हतं. आणि सांगितलं असतं तरी त्या दिवशी तिच्या डोक्यात शिरलं नसतं. ती सकाळच्या गाडीने दोन मुलं घेऊन निघाली होती आणि संध्याकाळच्या गाडीने एकटी परत यायची होती. मुलांना यातलं काही माहीत नव्हतं.

मुलं तिच्या थोरल्या बहिणीची. बहीण गेली तेव्हा धाकटा रांगतही नव्हता. मुलांचे वडील, म्हणजे मावशीचे भाऊजी, सरकते जिने दुरुस्त करणारे मेकॅनिक. गावात सरकता जिना औषधालाही नाही, त्यामुळे पोटासाठी शहर गाठणं भाग होतं. “माझं बस्तान बसेपर्यंत सांभाळ,” असं सांगून ते गेले. बस्तान बसायला चार वर्षं लागली. आधी नोकरी पक्की झाली, मग घर झालं, मग घरात बायको आली, आणि मग फोन आला, की आता मुलांना आणून सोड. यात कोणाला नावं ठेवायला जागा नव्हती. मुलं त्यांची, घर त्यांचं, शाळा घराला लागून. मावशीची एक खोली, सकाळपासून लाँड्रीतली नोकरी, आणि मुलं लाँड्रीच्या टेबलाखाली वाढलेली. ती “हो” म्हणाली. फोन ठेवल्यावर आपल्याला आता काहीतरी वाटेल म्हणून ती थोडा वेळ तिथेच उभी राहिली. काही वाटलं नाही. मग तिने दूध तापत ठेवलं.

मुलांना आधी सांगायचं नाही, हे भाऊजींनीच सुचवलं. “सांगितलंस तर गाडीतच भोकाड पसरतील. शहर बघायला नेतेय म्हण. इथे रमली की तू गुपचूप निघ. दोन दिवस रडतील, मग विसरतील.” लाँड्रीच्या मालकीणबाईंचं म्हणणंही तेच पडलं. शेजारणीचंही तेच. एवढ्या जणांचं एकमत झाल्यावर मावशीने वेगळं काही म्हणायचा प्रश्न नव्हता, आणि तिला हल्ली वेगळं काही म्हणावंसं वाटतही नसे.

तिचं जे झालं होतं त्याला बधिरपणाच म्हणावं लागेल. वर्षानुवर्षं वाफेत हात घालून लाँड्रीतल्या बायकांच्या बोटांची टोकं अशी होतात, की इस्त्रीला बोट लागलेलं वास आल्यावर कळतं. बहीण गेल्यापासून मावशीचं आतून तसं झालं होतं. बहिणीमागे ती रडली नव्हती, कारण धाकट्याला ताप होता. ताप उतरला, तोवर त्याला दात येत नाहीत म्हणून काळजी लागली, आणि रडायचं राहून गेलं ते गेलंच. लोक म्हणत, काय खंबीर बाई आहे. लोकांना काय, कोणी आदळआपट केली नाही की खंबीर म्हणून मोकळे होतात.

लाँड्रीत तिचं काम खुणा घालायचं. गावभरचे कपडे एकत्र धुतले जातात. कोणते कोणाचे हे कळावं म्हणून प्रत्येक कपड्याच्या आतल्या बाजूला, कॉलरखाली नाहीतर शिवणीत, रंगीत दोऱ्याचे बारीक टाके घालतात. रंगावरून गल्ली, टाक्यांवरून घर. मावशीच्या गल्लीचा रंग हिरवा आणि तिच्या घराचे टाके तीन. तिचे आणि मुलांचे कपडेही तिथेच धुतले जात, म्हणून त्यांच्यावर हिरवे तीन. कपडा कुठेही भरकटू दे, कोणाच्याही गठ्ठ्यात जाऊ दे, खूण असली की तो फिरून आपल्या घरी येतो. एखादं बिऱ्हाड गाव सोडून चाललं, की शेवटच्या धुण्यानंतर त्यांच्या कपड्यांवरच्या खुणा उसवायच्या आणि मगच गठ्ठा हातात द्यायचा, हा तिथला शिरस्ता. ती खूण मग त्या घरात येणाऱ्या नव्या बिऱ्हाडाला मिळते.

निघायच्या आदल्या दिवशी मुलं शेजारी खेळायला गेली असताना मावशीने त्यांच्या पिशव्या भरल्या. भरता भरता एकेक कपडा उलटा केला आणि बारीक कात्रीने खुणा काढल्या. फ्रॉक, शर्ट, चड्ड्या, मोजेसुद्धा. यात तिने काही विचार केला असं नाही. गाव सोडून चाललेल्यांचे कपडे होते, हातांनी आपलं काम केलं. दुसऱ्या दिवशी घालायचे कपडे खुर्चीवर काढून ठेवले, त्यांच्याही काढल्या. हिरवे तुकडे गोळा करून केरात टाकले आणि हात धुतले.

थोरली मुलगी सात वर्षांची. तिला सगळे आजीबाई म्हणत, कारण बोलायला लागल्यापासून ती पोक्त. टेबलाखाली बसून बसून तिला अक्षरांच्या आधी खुणा वाचता यायला लागल्या होत्या. गठ्ठे बांधणाऱ्या बाईला, जिला सगळे गठ्ठेवाली म्हणत, कुठे अडलं की ती खाली वाकून विचारायची, “आजीबाई, पिवळे दोन कुठले गं?” आणि आजीबाई वर न बघता घर सांगायची. धाकटा ढब्बू. त्याच्याबद्दल एवढंच सांगितलं तरी पुरे, की हे नाव त्याला चपखल बसायचं.

सकाळी आजीबाईने नेहमीसारखे आपले कपडे आपण घातले. मावशी डबा भरत होती, तिचं लक्ष नव्हतं. गाडीत मुलगी खिडकीशी बसली ती एक हात मानेमागे, कॉलरच्या आत घालून.

“खाजतंय का?” मावशीने विचारलं.

“नाही.”

“मग हात काढ. कॉलर चुरगळते.”

तिने हात काढला. गाडीच्या हलण्याने मावशीला डुलकी लागली. जाग आली तेव्हा आजीबाई मावशीच्या स्वेटरची घडी घालत होती. स्वेटर उलटा झाला होता आणि ती तो सुलटा करत होती.

“मावशी, आपण कशाला चाललोय?”

“सांगितलं ना, शहर बघायला.”

“नुसतं बघायला?”

“बघायला, आणि बाबांकडे जेवायला.”

“बरं,” आजीबाई म्हणाली आणि घडी केलेला स्वेटर तिने मावशीच्या मांडीवर ठेवला.

शहराच्या स्टेशनातून बाहेर पडायच्या वाटेवरच सरकता जिना लागला. ढब्बू थबकला. बाबा असे जिने दुरुस्त करतात हे त्याने ऐकलं होतं; त्याचा त्याने स्वतःच्या अकलेने लावलेला अर्थ असा, की बाबा जिन्याच्या आत बसून तो ओढतात. वर पोचल्यावर पायऱ्या जिथे फटीत गडप होतात, त्याच्या शेजारी तो पालथा पडला आणि जाळीला तोंड लावून ओरडला, “बाबा, आम्ही आलो! आता बसा जरा! दमला असाल!” मागून येणारी माणसं अडखळली. एक सुटाबुटातले गृहस्थ बॅग छातीशी धरून त्याच्यावरून टुणकन उडी मारून गेले. मावशीने त्याला बखोटीला धरून उचललं. हे हसण्यासारखं होतं हे तिला कळलं, आणि आपण हसतोय हेही तिच्या लक्षात आलं, पण ते कोणीतरी शेजारी बसून हसावं तसं.

मग तिने त्यांना शहर दाखवलं. ठरल्याप्रमाणे सगळं दाखवलं. रुंद रस्ते, पूल, कारंजं. कारंजं बंद होतं; त्याच्या कोरड्या तळात पडलेला एक एकटा बूट ढब्बूला फार आवडला. दुसरा बूट कुठे असेल यावर तो बराच वेळ बोलत होता. नंतर ती त्यांना उंच मनोऱ्यावर घेऊन गेली. लिफ्टने कान बंद झाले. वर चहूबाजूंनी काचा आणि खाली खेळण्यातल्यासारख्या गाड्या. ढब्बूने काचेवर जीभ लावून बघितली. आजीबाई एका बाजूने निघून फेरी पुरी करून परत आली.

“आपलं घर कुठल्या बाजूला?”

मावशीने अंदाजाने हात केला.

“दिसत नाही.”

“लांब आहे ना गं.”

“लांब आहे ते मला माहितीये. मी बाजू विचारली.” तिने त्या बाजूच्या काचेला कपाळ टेकवलं. मग तशीच, न वळता म्हणाली, “मावशी, तुला काही सांगायचंय का?”

“कशाबद्दल?”

“असंच.”

“नाही बाई,” मावशी म्हणाली. “चला, खाली जाऊन खाऊन घेऊ.”

खाली बागेत बाकावर बसून त्यांनी डबा उघडला. ब्रेड, उकडलेली अंडी, केळी. मावशी घास भरवत होती, साल काढत होती, तोंड पुसत होती. हात कसे बिनचूक चालत होते. हा शेवटचा डबा, असं तिने मनाशी म्हणून बघितलं. दुखऱ्या दातावरून जीभ फिरवून बघतात तसं. दात दुखला नाही. आजीबाईने तेवढ्यात भावाच्या शर्टाची कॉलर मागून उलटी केली, बघितली, आणि पुन्हा नीट बसवली. मग त्याचा एक मोजा खाली ओढून बघितला. त्याला गुदगुल्या झाल्या, तो अंड्यासकट खिदळला. नीटनेटकी पोर, असं मावशीच्या मनात आलं.

“बाबांच्या इथे लाँड्री आहे?” आजीबाईने विचारलं.

“असेल की. पण ते घरीच धुतात. मशीन आहे म्हणे.”

“मग तिथे खुणा कोण घालतं?”

“घरच्या घरी कशाला लागतात खुणा? आइसक्रीम खायचं का?”

दोन्ही आइसक्रीम ढब्बूनेच खाल्ली. आजीबाईने आपलं त्याला देऊन टाकलं आणि तो खाईपर्यंत एका हाताने त्याच्या शर्टाचं टोक धरून बसली.

बाबांच्या घराकडे जाणारी गाडी जमिनीखालून जायची. त्या स्टेशनात गर्दी होती, आणि गर्दीत मावशी नकाशा बघायला क्षणभर थांबली तेवढ्यात ढब्बू नाहीसा झाला. मावशीने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. कोट, पाय, पिशव्या. छातीत धडधडायला हवं होतं. ती नकाशा हातात धरून उभी राहिली आणि आता काय करायचं असतं, हे तिला आठवेना. आजीबाई मात्र बाणासारखी सुटली. ढब्बू सरकत्या जिन्याच्या पायथ्याशी जाळीला कान लावून बसला होता. बाबा काही बोलतात का ते ऐकत होता. आजीबाईने त्याला उभं केलं आणि फाडकन एक ठेवून दिली. तिने आजवर त्याच्यावर कधी हात उगारला नव्हता.

“एकटा जायचं नाही! कळतं का तुला? तुझ्यावर आता काहीच नाहीये! हरवलास तर कोण कुठे आणून देईल?”

एवढं बोलून तीच रडायला लागली. ढब्बू गालावर हात ठेवून तिच्याकडे बघत राहिला. मार त्याने खाल्ला आणि रडतेय ताई, हे गणित त्याला सुटेना. मावशी गर्दीतून येऊन पोचली. तिने दोघांचे हात धरले. पोर घाबरली, दमली, दिवस मोठा झाला, असं तिला वाटलं, आणि गाडी आली म्हणून ते तिघं आत चढले.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दार भाऊजींनी उघडलं आणि ते म्हणाले, “आलात?” जणू न येताही कोणी दारात उभं राहू शकतं. त्यांच्या मागे त्यांची नवी बायको, हात पुसून कोरडे झाले तरी पुसत असलेली. बाई वाईट नव्हती. वाईट असती तर मावशीला निदान रागवायला काहीतरी मिळालं असतं. तिने मुलांच्या उंचीला येईल असं वाकून सांगितलं, “मला काय म्हणायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. घाई नाही.” मग मावशीला बाजूला घेऊन विचारलं, “ताई, धाकटा रात्री उठतो का? दिवा ठेवू का लावलेला?” मावशीने सगळं सांगितलं. दिवा नको, पण दार किलकिलं हवं. दुधावर साय चालत नाही. थोरली दुखलं खुपलं सांगत नाही, कपाळाला हात लावून बघावा लागतो. नवी बायको प्रत्येक वाक्याला मान डोलवत होती. आतल्या खोलीत दोन छोटे पलंग मांडले होते, आणि दोन्हींवर नव्या चादरी होत्या, दुकानातल्या घड्या अजून न मोडलेल्या.

भाऊजींनी कामावरून आणलेला साखळीचा एक जुना तुकडा काढला आणि जिना कसा फिरतो ते ढब्बूला जमिनीवर बसून दाखवायला लागले. बाबा जिन्याच्या आत राहत नाहीत याचं त्याला थोडं वाईट वाटलं, पण साखळीला तेल होतं आणि हात काळे होत होते, त्यामुळे तो लगेच भाऊजींच्या मांडीवर. चार वर्षं सांभाळलेली पोरं चार कड्यांच्या साखळीला फितूर होतात, ती अशी. मावशीने ते बघितलं आणि ती मनाशी म्हणाली, बरं झालं. खरोखरच बरं झालं होतं. हा राहील.

जेवणं झाली. भाऊजींनी घड्याळाकडे बघितलं, मग मावशीकडे, मग दाराकडे. ही नजर ठरलेली होती. मावशी उठली, स्वेटर घातला.

“मी जरा खाली जाऊन येते,” ती म्हणाली. “ब्रेड घेऊन येते सकाळसाठी.”

“ब्रेड आहे,” आजीबाई म्हणाली. “ओट्यावर दोन पुडे आहेत.”

“मग... दूध आणते.”

“दूधही आहे.” आजीबाई खुर्चीवरून उतरली, मावशीच्या समोर येऊन उभी राहिली. “मावशी, ढब्बूला तू सांगतेस का मी सांगू?”

“काय सांगायचंय?”

आजीबाईने मान वाकवून फ्रॉकची कॉलर मागून उलटी केली. तिथे काही नव्हतं. टाके निघाल्यावर राहतात तशी बारीक भोकं तेवढी होती.

“खूण काढलीस ना तू,” ती म्हणाली. “माझ्या सगळ्या कपड्यांवरची काढलीस. ढब्बूच्याही. मोज्यांवरचीसुद्धा. तुझ्या स्वेटरवर आहे पण. मी गाडीत बघितली.”

“कसली खूण?” भाऊजींनी विचारलं.

मावशी उभी होती तशीच खाली बसली, जमिनीवर. एवढ्या शहाण्या माणसांनी मिळून जी गोष्ट या मुलीपासून लपवायची ठरवली, ती मावशीने आपल्या हाताने तिच्या एकूणएक कपड्यावर लिहून ठेवली होती; आणि ती वाचायलाही तिनेच शिकवलं होतं. दुसऱ्या कोणाकडून अशी चूक झाली नसती. दुसऱ्या कोणाला ती करताच आली नसती.

“सकाळपासून माहीत होतं तुला?”

“हो.”

“मग बोलली का नाहीस गं?”

“तू म्हणालीस, शहर बघायला चाललोय. मला वाटलं तू सांगशील.” आजीबाईचा आवाज नेहमीसारखा पोक्त होता. “वरती मनोऱ्यावर सांगशील असं वाटलं. मग वाटलं, आइसक्रीम खाताना सांगशील. मी वाट बघत होते.”

नव्या बायकोने भाऊजींकडे अशा नजरेने बघितलं, की त्यांनी साखळी खाली ठेवली.

मग मावशीने ढब्बूला जवळ बोलावून सांगितलं. सरळ सांगितलं. तू आणि ताई आता इथे राहणार, बाबांकडे. मी घरी जाणार.

“उद्या येशील?”

“उद्या नाही.”

“मग परवा?”

“परवा पण नाही. सुट्टी मिळाली की येईन.”

ढब्बूने यावर नीट विचार केला आणि मग असं भोकाड पसरलं की शेजारच्या घरात कोणीतरी रेडिओचा आवाज कमी केला. जी रडारड टाळायला सगळ्यांनी एवढी उठाठेव केली, ती शेवटी झालीच. ढब्बू रडला, त्याला घेऊन भाऊजी डोळे पुसत फेऱ्या मारू लागले, नवी बायको स्वयंपाकघरात जाऊन रडून आली. मावशीचे डोळे कोरडे. ती त्या सगळ्यांकडे, पूर आलेली नदी खिडकीतून बघावी तशी बघत होती.

आजीबाईही रडत नव्हती. तिचं काम राहिलं होतं.

“आता दुसरी घाल,” ती म्हणाली.

“काय?”

“खूण. बिनखुणेचा कपडा कुठेही जातो.”

नव्या बायकोने न विचारता बिस्किटाच्या डब्यातलं शिवणकामाचं सामान आणून पुढे ठेवलं. त्यात हिरवा दोरा नव्हता. काळा होता, पांढरा होता, निळा होता.

“निळा,” आजीबाई म्हणाली. “आणि चार टाके.”

“चार का?”

“इथे चार माणसं आहेत.” तिने पाठ केली आणि केस पुढे घेतले.

फ्रॉक अंगावर असतानाच मावशीने टाके घातले. अंगावरचा कपडा शिवू नये हे तिला माहीत होतं, पण काढ म्हणायचा धीर झाला नाही. सुई कॉलरमधून जायची तेव्हा तिची बोटं मुलीच्या मानेला लागत होती. गरम होती मान. इतकी गरम, की मावशीने कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता. तापलेल्या इस्त्रीने न पोळणाऱ्या बोटांना ती ऊब लागत होती. मग ढब्बूच्या शर्टाला घातले. तो हुंदके देत होता, त्यामुळे टाके वाकडे आले.

“आता तुझा हात दे,” आजीबाईने सुई मागून घेतली. मावशीच्या स्वेटरच्या कॉलरमध्ये हिरवे तीन होते. तिने त्यांना हात लावला नाही. बाही उलटी केली आणि मनगटाजवळच्या शिवणीत टाके घालायला लागली. लहान मुलीचे टाके ते, एक इकडे, एक तिकडे.

“अगं, एका कपड्यावर दोन खुणा नसतात,” मावशी म्हणाली.

“असल्या तर काय करतात?”

“गठ्ठेवाली विचारते. हा कुठे द्यायचा म्हणून.”

“मग विचारू दे,” आजीबाई म्हणाली आणि चौथा टाका घालून दोरा दाताने तोडला. मग ती उठली, आत जाऊन तिने दोन पलंगांपैकी दाराजवळचा ढब्बूसाठी निवडला, आणि चादरीची घडी मोडली.

मावशीला संध्याकाळची गाडी मिळाली. घरी येऊन ती झोपली. दुसऱ्या दिवशी कामावर गेली. टेबलाखाली कोणी नव्हतं, पाय लांब करून बसता येत होतं. ती पाय आखडूनच बसली. मालकीणबाईंनी विचारलं, रडली का मुलं, आणि ती म्हणाली, हो, धाकटा रडला. आठवडा असाच गेला. लोक पुन्हा म्हणाले, काय खंबीर बाई आहे. आठवड्याच्या शेवटी तिने आपले कपडे धुवायला टाकले, त्यात तो स्वेटर होता.

दुपारी गठ्ठेवाली धुतलेले कपडे वेगळे करत होती. हिरवे, पिवळे, लाल. तिचा हात एका स्वेटरपाशी थांबला. तिने कॉलर बघितली, मग बाही बघितली, मग पुन्हा कॉलर. सवयीने ती टेबलाखाली वाकली, तिथे कोणी नाही हे बघून सरळ झाली, आणि स्वेटर मावशीसमोर धरला.

“यावर दोन खुणा आहेत गं. हिरवे तीन, ते तुझं घर. हे निळे चार कुठले? आणि हा कुठे द्यायचा?”

मावशी गावातल्या कुठल्याही खुणेचं घर झोपेतून उठवून विचारलं तरी सांगणारी. तिने सांगायला तोंड उघडलं, आणि तोंडातून शब्दाऐवजी रडू बाहेर आलं. मुलांचं आलं, त्याच्या मागून बहिणीचं आलं, तापाच्या वेळी राहून गेलेलं. ती टेबलावर डोकं ठेवून रडली. मालकीणबाई बाहेर आल्या आणि त्यांनी मशीन बंद केलं.

गठ्ठेवालीने स्वेटर तिच्या पाठीवर टाकला. त्या दिवशी तो कुठल्याच गठ्ठ्यात गेला नाही.